चांगलं आयुष्य, पण कुणाच्या जिवावर?

परदेशात असलेल्या मुलानं वडिलांचं अंत्यदर्शन व्हिडिओ कॉलवर घेतलं, अशी एखादी गोष्ट कानावर येते आणि मग आमच्या नाशिकमध्ये दोन-चार दिवस दुसरा विषय नसतो. जॉगिंग ट्रॅकवर, सोसायटीच्या ग्रुपवर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे तेच. एका बाजूला साठीपुढची मंडळी, त्यांचं म्हणणं की संस्कार संपले, सगळे पॅकेजच्या मागं लागलेत, आमच्या वेळी असं नव्हतं. दुसऱ्या बाजूला पंचविशी-तिशीतली पोरं-पोरी, त्यांचं म्हणणं की आयुष्य आमचंय, आम्ही कुणाचं काही वाईट करत नाही, तुमची मूल्यं तुमच्यापाशी ठेवा. आवाज चढतात, कुणीतरी रागानं ग्रुप सोडतं, महिन्याभरानं नवी गोष्ट आणि परत तेच. मला या वादाची चीड येते कारण विषय खरोखर मोठा आहे आणि आपण तो इतक्या वाईट पद्धतीनं वादतोय की दोन्ही बाजूंना आपापलं समाधान घेऊन घरी जाता येतं, कुणालाच काही बदलावं लागत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. "तू संस्कारी आहेस का" हा जुन्यांचा प्रश्न आणि "तू सुखी आहेस का" हा नव्यांचा प्रश्न, दोन्ही अपुरे आहेत. दोन्हींत तो एकटा माणूस दिसतो, त्याचं वागणं, त्याचं मन, त्याचा आनंद. त्याचं आयुष्य चालू राहावं म्हणून जी माणसं राबतात, सोसतात, गप्प बसतात ती कुठंच दिसत नाहीत. एखाद्याचं आयुष्य चांगलं आहे की नाही हे ठरवायचं असेल तर पहिल्यांदा हे बघायला पाहिजे की ते कुणाच्या जिवावर चाललंय, आणि ज्याच्या जिवावर चाललंय त्याला कधी कुणी विचारलं का. हा प्रश्न लावला की संस्कारी समजली जाणारी बरीच आयुष्यं डगमगतात आणि मुक्त समजली जाणारीही तितकीच.

जुन्या मंडळींचं म्हणणं मात्र उडवून लावण्यासारखं नाही, ते मला मान्य आहे. जुन्या नाशकातल्या वाड्यांमधे एका नळावर सगळी बिऱ्हाडं पाणी भरायची, भांडायची पण, आणि एकाच्या घरी मयत झाली की शेजारच्या घरातून पिठलं-भात यायचा, कुणाला सांगावं लागायचं नाही. 2008 च्या सप्टेंबरात गोदावरी चढली, सराफ बाजार, भांडी बाजार पाण्यात गेले, तेव्हाही लोकांनीच लोकांना वरच्या मजल्यावर घेतलं. आज पाथर्डी फाट्याच्या किंवा इंदिरानगरच्या एखाद्या बारा मजली इमारतीत समोरच्या फ्लॅटमधल्या आजींना दोन दिवस कुणी पाहिलं नाही तरी कुणाच्या लक्षात येत नाही. हा एकटेपणा खरा आहे आणि तो नुसत्या "काळ बदललाय" म्हणण्यानं झाकला जात नाही. आपल्याला न आवडणारं काम सुद्धा कर्तव्य म्हणून करायचं असतं ही सवय जुन्या पिढीला होती, आणि ती सवय गेल्यानं काहीतरी मोलाचं गेलंय असं मलाही वाटतं.

पण मग त्याच नाशकात 2 मार्च 1930 ला काय झालं ते आठवा. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाडांच्या संघटनेच्या जोरावर हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष शिस्तीत चालत काळाराम मंदिरापाशी आले आणि मंदिराचे दरवाजे त्यांच्या तोंडावर बंद झाले. पुढच्या महिन्यात रामनवमीला रथ ओढण्यावरून सत्याग्रहींवर दगडफेक झाली. हा सत्याग्रह थोडाथोडका नाही, पाच वर्षं चालला. ज्यांनी दरवाजे लावून घेतले ते कोण होते? दरोडेखोर होते का? नाही, ती गावातली सज्जन माणसं होती. पहाटे उठून रामकुंडावर स्नान करणारी, व्यवहारात चोख, दारी आलेल्याला विन्मुख न पाठवणारी, नातवंडांना श्लोक शिकवणारी. संस्कार या मापानं मोजलं तर त्यांना पैकीच्या पैकी मार्क द्यावे लागतील, आणि तरीही त्या सगळ्या सज्जनपणानं एका माणसालाही दरवाजा उघडून दिला नाही. कारण त्यांच्या चांगुलपणाची हद्द त्यांच्या जातीपाशी संपत होती आणि ती हद्द कुणाच्या मानहानीवर उभी आहे हा प्रश्न त्यांना पडतच नव्हता. बरं, सत्याग्रहींना नुसतं दर्शनाचं अप्रूप होतं असंही नाही. देवळात गेल्यानं भाकरीचा प्रश्न सुटणार नाही हे बाबासाहेबांनी तेव्हाच सांगितलं होतं, प्रश्न माणूस म्हणून मान्यता मिळण्याचा होता. ती मिळत नाही हे पुरतं कळल्यावर 13 ऑक्टोबर 1935 ला इथूनच जवळ येवल्यात त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. म्हणून कुणी "आमच्या वेळी मूल्यं होती" म्हणालं की मला विचारावंसं वाटतं, होती ना, पण कुणासाठी होती?

हे फक्त देवळापुरतं नव्हतं. एकत्र कुटुंबाचं एवढं कौतुक चालतं, त्यात म्हाताऱ्यांची सेवा व्हायची म्हणतात. कोण करायचं ती सेवा? आमच्या घरात आजोबांची शेवटची आजारपणाची वर्षं "सगळ्यांनी मिळून निभावली" असं अजून सांगतात, आणि मी लहानपणापासून बघितलंय की निभावली ती आईनं. रात्री उठणं तिचं, अंथरूण बदलणं तिचं, पथ्याचा स्वयंपाक वेगळा करणं तिचं, माहेरचं लग्न चुकवणं तिचं. श्रावणबाळाचं नाव बाबांना मिळालं. बाबा वाईट नव्हते, मनापासून वडिलांवर प्रेम करणारे होते, पण त्यांच्या कर्तव्याचं ओझं दुसऱ्याच कुणाच्या पाठीवर होतं आणि तसं असण्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. अशी घरं महाराष्ट्रात लाखांनी असतील. विधवांचं तर विचारूच नका. घराण्याची अब्रू म्हणून काय जपलं जायचं, तर एका बाईनं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, शुभकार्यात मागं राहणं. विधवा पुनर्विवाहाचा कायदा 1856 ला आला, धोंडो केशव कर्व्यांनी 1893 मध्ये विधवेशी लग्न केलं तर त्यांच्या गावानं त्यांना वाळीत टाकलं, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेला विधवा प्रथा बंद करायचा ठराव करायला 2022 साल उजाडावं लागलं. एवढा उशीर लागतो कारण ज्याच्यावर ओझं आहे त्याला ते दिसतं, आणि ज्याचं ओझं आहे तो त्याला संस्कृती म्हणतो.

आता तरुणांकडे येते, आणि इथंही आधी त्यांचं जे बरोबर आहे ते मान्य करते. त्यांनी एक गोष्ट अचूक ओळखलीये की आपल्याकडे त्याग मागितला जातो तो कायम घरातल्या कमजोर माणसाकडे, त्यामुळं "समाजासाठी, घरासाठी" असं कुणी म्हटलं की त्यांचे कान टवकारतात आणि ते योग्यच आहे. पोरीनं कुणाशी लग्न करावं, करावं की नाही, मूल हवं की नको, नोकरी सोडावी की नाही, यात गावानं पडायचं कारण नाही. या बाबतीत इतिहास पूर्णपणे त्यांच्या बाजूनं आहे. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 1921 मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी प्राध्यापकी गमावली, 1927 पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. तेव्हाच्या सभ्य समाजाच्या मते त्यांच्याइतका अनैतिक माणूस पुण्या-मुंबईत नसेल. आज बघितलं तर त्या सभ्य समाजापेक्षा हा माणूस कितीतरी जास्त नैतिक होता, कारण बाळंतपणांनी पिचलेल्या बायकांच्या बाजूनं तो बोलत होता आणि त्या बोलण्याची किंमत स्वतः मोजत होता.

नेमकं हेच आजच्या "माझं आयुष्य, माझी मर्जी" मधून निसटलंय. कर्वे स्वातंत्र्य मागत होते आणि खर्च स्वतः भरत होते. आपण स्वातंत्र्य घेतो आणि खर्च कुणाकडे जातो ते बघत नाही. "आम्ही कुणाचं वाईट करत नाही" हे वाक्य माणूस मनापासून म्हणतो, खोटं बोलत नाही, पण ते खरं आहे का? रात्री साडेअकराला कॉलेज रोडवरच्या फ्लॅटमध्ये बसून आइस्क्रीम मागवलं आणि वेळेत आलं नाही म्हणून एक स्टार दिला. खाली हेल्मेट हातात घेऊन उभा असलेला मुलगा सिन्नरचा किंवा पेठचा असतो, गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, पडला तर दवाखाना त्याचा, आणि ॲपच्या कागदोपत्री तो नोकर नाही, पार्टनर आहे. अशा कामगारांसाठी राजस्थाननं 2023 मध्ये वेगळा कायदा केला, म्हणजे प्रश्न काल्पनिक नाही. घरकाम करणाऱ्या मावशींसाठी आपल्या राज्यात 2008 पासून कल्याण मंडळाचा कायदा आहे, तुमच्या इमारतीतल्या किती जणांनी आपल्या मावशींची नोंदणी झालीये का असं विचारलं असेल? बाकी सोडा, आठवड्याची एक भरपगारी सुट्टी किती घरं देतात? आणि सोसायटीची मैल्याची टाकी तुंबली की "कुणीतरी बोलवा" म्हणतो तो कुणीतरी. हातानं मैला साफ करून घेण्यावर 2013 च्या कायद्यानं पूर्ण बंदी आहे, गटारात उतरून मेलेल्याच्या घरच्यांना किती भरपाई द्यायची हे सर्वोच्च न्यायालयानं 2014 ला 10 लाख आणि 2023 ला 30 लाख असं ठरवून दिलंय. न्यायालयाला मरणाची रक्कम वाढवावी लागते याचा अर्थ माणसं अजून उतरतायत, आणि ती कुणाच्या तरी सोसायटीच्याच टाकीत उतरतायत. त्या सोसायटीत संस्कारी आजोबा राहतात, मुक्त विचारांचे इंजिनिअर पण राहतात. मूल्यांवर दोघांचं कितीही भांडण असलं तरी या एका बाबतीत दोघं एकसारखे गप्प आहेत.

आणि म्हणून सुरुवातीच्या त्या व्हिडिओ कॉलवाल्या मुलाला हा प्रश्न लावून बघा, निकाल वेगळा लागतो. समजा त्यानं वडिलांसाठी दिवस-रात्रीची दोन माणसं नेमली, त्यांना नीट पगार दिला, सुट्ट्या दिल्या, रोज फोन केला, पैशाची हयगय केली नाही. आणि दुसरा मुलगा इथंच राहतो, वडिलांना घरात ठेवलंय म्हणून चार लोकांत मान आहे, पण सगळं बायकोवर टाकून स्वतः रात्री दहाला घरी येतो. आपण पहिल्याला शिव्या घालतो आणि दुसऱ्याला हार घालतो. पहिल्याला मी डोक्यावर घेत नाही, बापाच्या शेवटच्या दिवसांत मुलाचा हात हातात असणं पैशानं भरून निघत नाही हे मी मानते. पण दोघांतला नैतिकदृष्ट्या उजवा कोण, हे आपण जितक्या पटकन ठरवतो तितकं ते सोपं नाही.

आता जरा मोठ्या गोष्टीकडे येते, कारण मूल्यांचा विषय आपण नेहमी घरापुरता ठेवतो आणि तीच खरी पळवाट आहे. आपल्या जिल्ह्यात दरवर्षी ऑक्टोबर आला की खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला पाणी सोडायचा वाद पेटतो. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, 2005 च्या कायद्यानं खोऱ्यातल्या पाण्याचं समन्यायी वाटप करायचं ठरलं आणि 2014 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या आदेशानं निकष आला की 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या, म्हणजे नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी खाली सोडायचं. पाऊस कमी झालेल्या वर्षी मग इथं मोर्चे निघतात, सगळे पक्ष एकत्र येतात, "नाशिकचं पाणी पळवलं" अशा घोषणा होतात. मी त्या शेतकऱ्यांच्या रागाला खोटं म्हणणार नाही. निफाड-दिंडोरीतला द्राक्षवाला एकरामागं लाखांनी खर्च करून बसलेला असतो, एक पाणी चुकलं तर बाग जाते आणि कर्ज राहतं. सोडलेल्या पाण्यातलं बरंचसं कोरड्या पात्रात मुरतं, जायकवाडीचा पसारा उथळ आणि भला मोठा म्हणून बाष्पीभवन प्रचंड, आणि खाली ऊस आणि दारूचे कारखाने पण ते पाणी पितात, हे सगळे आक्षेप खरे आहेत आणि अभियंत्यांनी त्यांची उत्तरं दिलीच पाहिजेत.

पण घोषणा या आक्षेपांची नसते, घोषणा "आमचं पाणी" अशी असते, आणि तिथं माझं डोकं दुखायला लागतं. ब्रह्मगिरीवर पडलेला पाऊस आपला कशामुळं झाला? आपण वर राहतो म्हणून? मग हाच न्याय आपल्याला लावला तर चालेल का? गंगापूर, दारणा, मुकणे ही आपली धरणं जिथं आहेत त्याच त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरात धो धो पाऊस पडतो आणि मार्च-एप्रिलमध्ये तिथल्याच पाड्यांवरच्या आदिवासी बाया हंडाभर पाण्यासाठी विहिरीत उतरतात, वैतरणेचं पाणी तर पार मुंबईला जातं. त्यांनी "आमचं पाणी" म्हणून आपल्या नळाची तोटी बंद केली तर आपण कुठल्या तोंडानं भांडणार? आणि खाली काय पाठवतो ते पण बघूया. शहरातून निघालेली गोदावरी चांदोरी-सायखेड्याला पोचते तेव्हा तिच्यावर पाणवेलींचा हिरवा थर असतो, तो थर शहराच्या सांडपाण्यावर पोसलेला असतो, आणि ते सगळं जाऊन पडतं नांदूरमध्यमेश्वरला, ज्याला 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मान मिळाला आणि आपण अभिमानानं स्टेटस ठेवले. चांगलं पाणी खाली सोडायला आपला विरोध, घाण पाणी रोज सोडतो त्याला कुणाचा विरोध नाही. बारा वर्षांनी सिंहस्थ आला की, पाच वर्षांनी निवडणूक आली की गोदामाई म्हणायचं, तेव्हा आई असलेली नदी चांदोरीपासून पुढं कोण असते? थंड हवा, द्राक्षं, वाईन, धरणाकाठचे रिसॉर्ट, मुंबई-पुण्याच्या लोकांना हेवा वाटावा असं नाशिकचं जे चांगलं आयुष्य आहे त्याचा भार नदीच्या खालच्या अंगाला पडतो, हे बोलल्याशिवाय आपल्या शहरातली मूल्यांची कुठलीही चर्चा अर्धवट आहे असं मला वाटतं.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं की अहो ही सगळी पोट भरल्यावरची बोलणी आहेत, ज्याला हप्ते फेडायचेत त्याला नीतिमत्ता परवडत नाही. हा आक्षेप वजनदार आहे, कारण रोजच्या रोज मरणाऱ्याला प्रवचन देणं हा सुद्धा एक अन्यायच आहे. कांदा दोन रुपयांनी विकून लासलगावहून परत निघालेल्या माणसाला मी जायकवाडीचा विचार कर म्हणून सांगायला जाणार नाही. पण इतिहास बघितला तर दिसतं काय? काळारामच्या दारात पाच वर्षं टिकून राहिले ते कोण होते, त्यांची पोटं भरलेली होती का? सत्याग्रहाला गेलं म्हणून गावात काम बंद होईल, बहिष्कार पडेल हे माहीत असून ती माणसं गेली. नीतिमत्ता परवडत नाही असं म्हणताना मी जास्त करून ज्यांना ऐकलंय त्यांच्याकडे दोन फ्लॅट असतात, तिसऱ्याचं बुकिंग झालेलं असतं. हप्ते खरे असतात, पण ते हप्ते कशासाठी घेतले हा पण प्रश्न आहेच ना? मुलीच्या लग्नात हजार पानं उठवायची म्हणून जमीन गहाण टाकणारा बाप परिस्थितीचा बळी आहे हे खरं, आणि ते लग्न तसंच झालं पाहिजे म्हणून अडून बसणारे व्याही बळी नाहीत हेही खरं. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापून साधी, भटाविना, कमी खर्चाची लग्नं लावायला सुरुवात केली तेव्हा लोक काही आजच्यापेक्षा श्रीमंत नव्हते.

या बाबतीत मला आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. गोदाघाटावर ज्यांच्या नावाचं पटांगण आहे, जिथं आपण उन्हाळ्यात वसंत व्याख्यानमाला ऐकायला बसतो, ते यशवंतराव महाराज म्हणजे सटाण्याचे मामलेदार यशवंतराव भोसेकर. 1870-71 च्या दुष्काळात लोक अन्नावाचून मरतायत हे बघून या सरकारी नोकरानं सरकारी खजिना उघडून वाटून टाकला, म्हणून लोक त्यांना देव मामलेदार म्हणायला लागले. पुढं कथा अशी सांगतात की तपासणीला साहेब आला तर खजिना जसाच्या तसा भरलेला निघाला. श्रद्धेचा मला अनादर करायचा नाही, सटाण्याच्या यात्रेला मी स्वतः गेलेय. पण या चमत्काराच्या कथेनं आपली एक फार मोठी सोय करून ठेवली असं मला वाटतं. खजिना देवानं भरला असेल तर मग मामलेदारांनी गमावण्यासारखं काही राहिलंच नाही. खजिना वाटताना त्या माणसाला काय वाटत असेल? नोकरी जाईल, बेड्या पडतील, घरचे उघड्यावर येतील, हे त्याला दिसत नसेल? ते दिसत असून त्यानं किल्ली फिरवली. दुष्काळाचं ओझं रयतेवर पडत होतं आणि खुर्चीवर बसलेल्या माणसानं ते स्वतःच्या अंगावर घेतलं, एवढीच ती गोष्ट आहे आणि ती चमत्कारापेक्षा मोठी आहे. आपण त्याला देव केलं आणि सुटलो, कारण देवानं जे केलं ते माणसानं करायची अपेक्षा राहत नाही. आज तहसील कचेरीत, महापालिकेत, बँकेत, कंपनीत बसलेल्या कितीतरी जणांच्या हातात छोट्या-मोठ्या किल्ल्या आहेत. नियमानं चाललो म्हणून माझे हात स्वच्छ, असं ते म्हणतात. रयत मेली तरी नियमानं चाललेला मामलेदार 1871 मध्ये शेजारच्या तालुक्यात पण असेलच, त्याचं नाव कुणाला माहीत आहे?

दुसरा आक्षेप मला जास्त छळतो. माझी एक मैत्रीण, शिकलेली, विचार करणारी, ती म्हणाली की अगं अशा हिशोबानं जगायचं म्हटलं तर श्वास घेणं मुश्किल होईल, कपडा कुणी शिवला, भाजी कुणी पिकवली, मोबाइलमधला धातू कुठल्या देशातल्या पोरानं खणला, कुठं थांबायचं? आणि अशा अपराधी भावनेत जगण्याला तू चांगलं आयुष्य म्हणतेस? तिचं बरोबर आहे. अपराधी वाटत राहणं हे काही मूल्य नाही, उलट अपराधी वाटून घेतलं की माणसाला काहीतरी केल्यासारखं वाटतं आणि मावशींचा पगार तेवढाच राहतो. जगातल्या सगळ्या ओझ्यांचा जबाब एका माणसानं द्यायचा नाही. पण जे माझ्या हाताच्या अंतरावर आहे त्याचं काय? मोबाइलच्या खाणीपर्यंत माझा हात पोचत नाही, घरातल्या स्वयंपाकापर्यंत पोचतो, सोसायटीच्या मीटिंगपर्यंत पोचतो, वॉर्डापर्यंत पोचतो. तिथं सुद्धा मी विचारत नसेन तर खाणीतल्या पोराचं नाव मी फक्त आड लपायला घेतेय. आणि आनंदाचं म्हणाल तर गाडगेबाबांकडे बघा, नाशकात, पंढरपुरात गोरगरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः त्यातली एक खोली आपली म्हणून ठेवली नाही, पण त्यांना ऐकलेली जुनी माणसं त्यांच्या कीर्तनातल्या हशाचीच आठवण जास्त काढायची. हा माणूस दुःखी होता असं कोण म्हणेल?

राहिला शेवटचा आक्षेप, की एकट्यानं करून काय होतं. हेरवाडला ठराव एका गावानंच केला होता आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. पण मी हा आक्षेप पूर्ण खोडून काढत नाही. एकट्याचा चांगुलपणा पुरत नाही हे खरं आहे, म्हणून तर मला संस्कारांच्या चर्चेपेक्षा नियमांची, बजेटची, पाण्याच्या हिशोबाची चर्चा जास्त नैतिक वाटते. उदाहरणार्थ हे बघा. केंद्राच्या 2016 च्या वीजदर धोरणात स्पष्ट आहे की सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आतल्या औष्णिक वीज केंद्रांनी शुद्ध केलेलं सांडपाणीच वापरायचं. आपल्याकडे तपोवन, आगर टाकळी, चेहेडी, पंचक इथं शुद्धीकरण केंद्रं आहेत आणि एकलहऱ्याचं वीज केंद्र हाकेच्या अंतरावर आहे, सातपूर-अंबडची औद्योगिक वसाहत आहे. शहरानं वापरलेलं पाणी खरोखर नीट शुद्ध करून तिकडं वळवलं तर धरणातलं किती ताजं पाणी वाचेल, त्यातलं किती द्राक्षबागांना राहील, किती त्र्यंबकच्या पाड्यांवर नेता येईल आणि किती जायकवाडीला सोडता येईल? येत्या ऑक्टोबरमध्ये पाण्याच्या बैठकीला आपले सगळे आमदार-खासदार एकत्र येतील, घोषणांचे फलक पण तयार होतील. त्या बैठकीत हा आकडा कुणीतरी मागावा, आणि ज्यांनी आयुष्यभर संस्कारांवर बोलून आम्हाला मोठं केलं ते आजी-आजोबा आणि ज्यांना आपल्या स्वातंत्र्याचा अभिमान आहे ती पोरं-पोरी, दोघांनी मिळून तो मागावा अशी माझी विनंती आहे.